पाय दुमडले म्हणून मुलाची सीट पुढे वळवू नका

गेली दोन-तीन वर्षं गाड्यांच्या जाहिरातींत एक नवा आकडा दिसतो : मुलांच्या सुरक्षिततेसाठी ४९ पैकी अमुक गुण. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली आणि शोरूममध्ये मायलेजच्या जोडीनं लोक सुरक्षिततेचे तारेही विचारू लागले. फार चांगली गोष्ट आहे. पण ते गुण मिळतात कसे, हे जाहिरात सांगत नाही. चाचणीच्या गाडीत मागच्या सीटवर दोन बाहुल्या असतात, एक दीड वर्षाच्या मुलाच्या मापाची आणि दुसरी तीन वर्षांच्या. दोघीही मुलांच्या खास सीटमध्ये पट्ट्यांनी आवळून बसवलेल्या असतात. आणि भरघोस गुण मिळवणाऱ्या गाड्यांचे अहवाल उघडून पाहिलेत, तर बऱ्याचदा दोन्ही बाहुल्यांची तोंडं गाडीच्या मागच्या काचेकडे केलेली आढळतात. तीन वर्षांच्या बाहुलीचंसुद्धा.

आपल्या घरांत याच्या नेमकं उलट चालतं. हँडल धरून उचलायची ती तान्ह्या बाळाची सीट वर्ष-सव्वा वर्षात अपुरी पडते. बाळाचे पाय मागच्या सीटच्या पाठीला टेकतात, गुडघे दुमडतात, आणि सगळे म्हणू लागतात, ‘अवघडतंय बिचारं, आता पुढे तोंड करणारी सीट घ्या.’ दुकानदारही तेच सुचवतो. मला इथे ठामपणे सांगायचंय की यानंतरची सीट मोठी जरूर घ्यावी, पण तीही मागे तोंड करून बसवणारीच घ्यावी, आणि मूल चार वर्षांच्या आसपास पोचेपर्यंत ती तशीच ठेवावी. हा निर्णय पायांकडे बघून होत नाही, तो मानेकडे बघून करावा लागतो.

का, ते समजायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. एसटी कचकन थांबली की उभे प्रवासी पुढे झेपावतात, ते जडत्व. आता गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली असं धरा. हा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर होतो. गाडीचं तोंड चेपतं, साधारण ६० सेंटीमीटर. म्हणजे सगळा वेग शून्यावर यायला जेमतेम ६० सेंटीमीटर अंतर आणि सेकंदाचा बारावा हिस्सा मिळतो. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट हे सूत्र आठवा. उत्तर येतं सुमारे १६० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या १६ पट. ११ किलोच्या मुलाला तेवढ्यात थांबवायला जवळपास १८० किलो वजनाइतकं बल लागतं. ‘मी पोटाशी घट्ट धरते की’ म्हणणाऱ्या आजीची माया खरी आहे, पण १८० किलो कुणाच्याच हातांना पेलत नाहीत. शिवाय आजी स्वतःही त्याच क्षणी पुढे फेकली जात असते.

माझ्या मते या सगळ्या गणितातला खरा मोलाचा भाग वेग नसून ते ६० सेंटीमीटर आहेत. गाडीचं तोंड चेपताना जे अंतर मिळतं, त्याचा वाटा मुलाला किती मिळतो यावर सगळं ठरतं. मूल गाडीच्या सांगाड्याशी घट्ट जोडलेलं असेल, तर गाडीबरोबर तेही पहिल्या मिलिसेकंदापासून थांबू लागतं आणि पूर्ण अंतर वापरतं. पट्टा दहा सेंटीमीटर सैल असेल, तर गाडी थांबत असताना मूल मूळ वेगानंच पुढे जात राहतं. तो सैलपणा संपून पट्टा ताणला जाईपर्यंत गाडी आणि मूल यांच्या वेगात ताशी २० किलोमीटरचा फरक पडलेला असतो. उरलेल्या थोड्या वेळात मुलाला जास्त जोरात थांबवावं लागतं. आणि मांडीवरचं मूल, ज्याच्या समोर अर्धा मीटर मोकळी जागा आहे, ते डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतं तेव्हा तो फरक ताशी ४६ किलोमीटर झालेला असतो. गाडीचं तोंड चेपलं, पण त्याचा फायदा त्या मुलाला जवळजवळ मिळालाच नाही. हे आकडे गाडी सगळ्या धडकेत सारख्याच दरानं थांबते असं धरून काढलेत. प्रत्यक्षात दर वरखाली होतो आणि काही क्षण सरासरीच्या दुपटीच्याही वर जातो.

आता मूल पुढे तोंड करून, पाच ठिकाणी आवळलेल्या पट्ट्यांत बसलंय असं समजा. खांदे, कंबर आणि धड पट्ट्यांनी धरलं आहे. डोकं मात्र कशानंही धरलेलं नाही. दीड वर्षाच्या मुलाच्या ११ किलोंपैकी अडीच किलो किंवा त्याहून थोडं जास्त वजन डोक्याचंच असतं. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असलं, तरी ते सत्तर किलोंच्या शरीरावर, तयार स्नायूंच्या मानेवर बसलेलं असतं. धड थांबलं की लहान मुलाचं डोकं पुढे जातं, हनुवटी छातीकडे येते, आणि त्या डोक्याला थांबवण्याचं पूर्ण काम एकट्या मानेवर पडतं. सरासरी १६ पटीचा हिशेब धरला तरी मानेला ४० किलोंची ओढ बसते. पण डोकं धडाच्या मागून, उशिरा थांबायला सुरुवात करतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला वेळ कमी येतो आणि कमाल ओढ याच्या कितीतरी वर जाते.

ही मान आतून कशी असते? मोठ्या माणसाचा मानेचा मणका म्हणजे एकसंध हाडाचं कडं, ज्याच्या मधून मज्जारज्जू जातो. जन्माच्या वेळी बहुतेक मणके तीन तुकड्यांत असतात : पुढे मणक्याचा गाभा आणि मागे कमानीचे दोन अर्धे भाग. त्यांना जोडणारी असते कूर्चा. मागच्या कमानीचे दोन भाग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाडानं जुळतात. कमान आणि गाभा यांच्यामधली कूर्चा हाडात बदलायला तीन ते सहा वर्षांचा काळ जातो. दुसरा मणका, ज्याच्या दातासारख्या खुंटीवर पहिला मणका फिरतो, त्याची रचना आणखी गुंतागुंतीची असते आणि त्या खुंटीच्या मुळाशी असलेली कूर्चाही याच वयात भरून येते. मणक्यांमधले सांधे लहानपणी आडवे असतात, त्यामुळे एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकणं सोपं जातं. अस्थिबंध सैल असतात. मान वाकण्याचा मुख्य टेकू मोठ्यांत पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी असतो, लहान मुलांत तो दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी, म्हणजे कवटीच्या अगदी खाली असतो. श्वासाचा पडदा हलवणारे चेतातंतू तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या परिसरातून निघतात, हे लक्षात घेतलं की इतक्या वर इजा होण्याचा अर्थ कळतो.

आणि यात एक विचित्र विसंगती आहे. अर्भकांच्या कण्याचा जुना अभ्यास सांगतो की त्यांचा कणा ओढला तर सुमारे पाच सेंटीमीटरपर्यंत लांबू शकतो, पण आतला मज्जारज्जू जेमतेम सहा मिलिमीटर ताण सोसतो. म्हणजे हाडं-कूर्चा शाबूत राहून आतला रज्जू दुखावू शकतो. एक्स-रेमध्ये काहीच मोडलेलं दिसत नाही, आणि मुलाचे हातपाय हलत नाहीत. मुलांमधल्या अशा इजांना १९८२ साली वैद्यकात स्वतंत्र नाव मिळालं. हाडं लवचीक असणं एरवी मुलांच्या फायद्याचं असतं, पडून-धडपडून ती सहज उठतात. या एका प्रसंगात मात्र तीच लवचिकता घात करते.

आता सीट उलटी फिरवा. समोरून धडक बसली की मूल सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान, पाठ आणि कंबर एकाच पृष्ठभागावर, एकाच वेळी थांबतात. बल तेवढंच आहे, पण ते दोन पट्ट्यांऐवजी पूर्ण पाठीवर पसरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोकं आणि धड यांच्यात एकमेकांच्या तुलनेत हालचाल जवळजवळ उरली नाही. मानेला काही थांबवावंच लागत नाही. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते, कारण यात नवं मटेरियल नाही, सेन्सर नाही, फक्त दिशा बदललेली आहे. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या बर्टिल आल्डमन यांना ती अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. उड्डाणाचा दाब पाठीवर पसरावा म्हणून ते अंतराळवीर उताणे असत. १९६४ साली या कल्पनेचा नमुना तपासला गेला आणि १९७२ मध्ये व्होल्वोनं तशी सीट बाजारात आणली. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसतात, यात तिथे कुणाला नवल वाटत नाही.

मागून धडक बसली तर काय, असं लगेच विचारलं जातं. मागून धडकणारी गाडी ज्या दिशेनं जात असते, त्याच दिशेनं आपली गाडी पुढे ढकलली जाते, त्यामुळे वेगातला बदल सहसा कमी असतो. गंभीर इजा करणाऱ्या धडकांत समोरच्या धडकांचं पारडं जड आहे. पायांच्या बाबतीत तर पुढे तोंड केलेल्या मुलांचेच पाय उसळून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतात. मागे तोंड करून मांडी घालून बसलेलं मूल आपल्याला अवघडलेलं वाटतं, पण घरात ते असंच तासन्‌तास बसतं.

मागे तोंड केलेली सीट ‘पाचपट सुरक्षित’ असं वाक्य विक्रीच्या पानांवर सर्रास दिसतं. त्यावर विसंबू नका. २००७ साली अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून एक गाजलेला शोधनिबंध आला, पण त्यातल्या आकडेमोडीत दोष सापडल्यानं पुढे तो मागे घेण्यात आला. फेरतपासणीत दिसलं की त्या नोंदींमध्ये सीटमध्ये असूनही जबर जखमी झालेली लहान मुलं इतकी कमी होती, की कोणत्या दिशेला किती पट फायदा हे आकड्यांनी सिद्ध करता येत नाही. म्हणजे दोन्ही दिशांच्या सीटनी बहुतेक मुलांना वाचवलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये नवी शिफारस केली, ती वयाची अट काढून सीटच्या वजन-उंचीच्या कमाल मर्यादेपर्यंत मागे तोंड ठेवा अशी. तिचा आधार शरीररचना, धडक-चाचण्या आणि स्वीडनचा अनुभव हा आहे. मला हा आधार पुरेसा वाटतो, खोट्या ‘पाचपटी’ची गरज नाही. तसंच नव्या गाडीची पूजा करा, नारळ फोडा, पण ‘आपल्यावर कृपा आहे, काही होत नाही’ म्हणून पट्टा न लावणं मला मान्य नाही. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, यातली एकही राशी लिंबू-मिरचीनं बदलत नाही.

प्रत्यक्ष खरेदीत वय विसरा आणि मुलाची उंची मोजा. मुलांच्या सीटसाठीचा युरोपातला जुना आर-४४ नियम वजनावर चालायचा आणि ९ किलोंनंतर पुढे तोंड करायला मोकळीक द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सरासरी मुलगा दहाव्या महिन्यातच ९ किलो गाठतो. आपला एआयएस-०७२ हा नियम त्याच घडणीचा आहे, म्हणून बाजारातल्या कितीतरी सीटवर ‘९ ते १८ किलो, पुढे तोंड’ लिहिलेलं दिसतं. युरोपातला २०१३ पासूनचा आर-१२९ नियम उंची धरतो, किमान १५ महिने मागे तोंड सक्तीचं करतो आणि बाजूच्या धडकेचीही चाचणी घेतो. १०५ सेंटीमीटरपर्यंत मागे तोंड ठेवता येईल अशी सीट मिळाली, तर सरासरी मुलाला ती चार वर्षं ओलांडेपर्यंत पुरते. नुसती पातळ गादी आणि चार पट्टे अशा ज्या ‘पोर्टेबल’ सीट ऑनलाइन मिळतात, त्या घेऊच नका. त्यांना कवचच नसतं.

सीट दुकानातून घेण्याआधी आपल्या गाडीत लावून बघा. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत हात घातला की २८ सेंटीमीटर अंतरावर, पेन्सिलीहूनही बारीक अशा दोन पोलादी कांड्या लागतात, त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवण्याच्या सोयीच्या. सीटचा आधार-पाय, म्हणजे तिला पुढून तोलणारी दांडी, गाडीच्या तळावर टेकणार असेल तर तिथे पोकळ कप्पा नाही ना, ते पाहा. छोट्या हॅचबॅकमध्ये मागे तोंड केलेली मोठी सीट बसवली की पुढची सीट बरीच सरकवावी लागते, तेव्हा घरातल्या सर्वांत उंच माणसाला पुढे बसवून बघा. चालू एअरबॅगच्या समोर, पुढच्या सीटवर, मागे तोंड केलेली सीट कधीही लावायची नाही. खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. आवळल्यावर कॉलरच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, घडी आली तर अजून सैल आहे. डोक्याचा माथा कवचाच्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटरवर आला, की ती सीट संपली. पायांवरून हे ठरत नाही.

त्यानंतर पुढे तोंड, आणि मग बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक, कारण गाडीचा पट्टा अडकून राहावा असं ओटीपोटाच्या हाडाचं टोक लहान मुलांत पुरतं घडलेलं नसतं आणि पट्टा पोटावर चढतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. वापरलेली सीट नातेवाइकांकडून घेत असाल, तर ती एखाद्या अपघातातून गेलेली नाही याची खात्री करा, आणि कवचाच्या खालच्या बाजूला कोरलेलं उत्पादनाचं वर्ष वाचा. उन्हात उभ्या गाडीत वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिक वरून चांगलं दिसत असलं तरी आतून ठिसूळ झालेलं असू शकतं.