'प' की पाच? बडोद्यातली मराठी मुलं आणि डिस्लेक्सिया

गुजराती लिपीतला 'र' आणि त्याच लिपीतला दोनचा आकडा शेजारीशेजारी लिहून पाहा. फरक शोधावा लागतो. 'प' आणि पाचाचंही तेच. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानाची पाटी वाचताना मोठ्या माणसाचा गोंधळ उडत नाही, कारण तिथं अक्षर असणार की आकडा, हे त्याला आधीच ठाऊक असतं. तिसरीतल्या मुलाला ते ठाऊक नसतं. घरी मराठी, शाळेत गुजराती, हिंदीला शिरोरेषेची देवनागरी आणि वर इंग्रजी. दांडिया बाजारातल्या मराठी घरातलं मूल पाहता पाहता तीन लिप्यांत अडकतं. ते वाचताना अडखळायला लागलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो 'आळशी आहे', दुसरा म्हणतो 'इतक्या भाषा लादल्यावर दुसरं काय होणार?' डिस्लेक्सियावर, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीवर, काम करणाऱ्यांना या दोन्ही पक्षांकडे काणाडोळा करून आधी मुलाच्या वह्या मागवाव्या लागतात.

वह्या म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या, सगळ्या विषयांच्या आणि मुख्य म्हणजे कच्च्या. पक्क्या वहीत फळ्यावरून उतरवलेलं असतं. त्यातून सुवाच्य अक्षर कळतं, वाचन कळत नाही. वहीतल्या चुका वेगळ्या काढायला बसलं की त्यांचे ढीग पडू लागतात.

पहिला ढीग भाषांच्या सरमिसळीचा. मूल मराठीत 'शक्ति', 'कवि', 'गति' लिहितं. मराठीच्या नियमानं शेवटची वेलांटी दीर्घ हवी, पण गुजराती आणि हिंदीत ती ऱ्हस्वच असते. मूल शाळेत शिकलं तसं लिहितंय. 'ज्ञ'ची गंमत तर और आहे. आजी 'द्न्यानेश्वर' म्हणते, गुजरातीच्या बाई 'ग्नान' म्हणतात, हिंदीचे सर 'ग्यान'. अशा मुलानं 'ग्नानेश्वर' लिहिलं तर चूक आहे खरी, पण ती आनंदाची चूक आहे. कानावर पडलेला ध्वनी नेमका फोडून तो अक्षरांत बसवता येतो, याचा तो पुरावाच.

दुसरा ढीग दिसायला सारख्या अक्षरांचा: भ-म, ब-व, घ-ध. देवनागरीत घ आणि ध यांतला फरक पुष्कळसा शिरोरेषेनं सांभाळलेला असतो. गुजरातीत ती रेघच नाही, मग फरक नुसत्या वळणावर उरतो. पहिली-दुसरीपर्यंत या चुका बहुतेक मुलं करतात.

लक्ष द्यायचं ते तिसऱ्या ढिगाकडे. 'पुस्तक'चं 'पुतक', 'चंद्र'चं 'चद', 'मगर'चं 'मरग'. अनुस्वार गळलेले, मात्रा गळलेल्या, जोडाक्षरातलं एक व्यंजन गायब. एकाच पानावर एकच शब्द तीनदा आणि तिन्ही वेळा निराळा. अशा चुका गुजरातीतही, देवनागरीतही आणि इंग्रजीतही दिसत असतील, तर लिपीला दोष देऊन भागत नाही. एकाच भाषेत दिसत असतील तर आधी त्या भाषेचं शिकवणं तपासावं.

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, हा समज काही केल्या जात नाही. त्याची मुळं जुनी आहेत. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञानं वापरला, आणि सुरुवातीच्या काळात या मुलांकडे पाहणारे बरेच जण डोळ्यांचेच डॉक्टर होते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाचं वर्णन छापलं. गणितात चांगला, पण साधे शब्द वाचता येईनात. अशी मुलं तेव्हाच का दिसू लागली? इंग्लंडात शाळा सक्तीची होऊन फार वर्षं झाली नव्हती. सगळ्यांना पाटीसमोर बसवल्याशिवाय कोण अडतंय ते कळत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. वाचताना अडणारी मुलं बडोद्याच्या वर्गांतही तेव्हापासून असणारच. त्यांना नाव मात्र 'ढ' एवढंच मिळालं.

आज चित्र बरंच स्पष्ट आहे. बोलण्यासाठी मेंदूची जन्मजात तयारी असते, वाचनासाठी नसते. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागच्या-खालच्या अंगाचा एक भाग अक्षरं ओळखायला जुंपला जातो आणि त्याची सांगड ध्वनी हाताळणाऱ्या भागांशी बसते. डिस्लेक्सियात ही सांगडच कष्टानं बसते. बहुतेक मुलांत मूळ अडचण शब्दातले ध्वनी सुटे करण्याची असते. डोळे ठणठणीत, बुद्धी ठणठणीत. वेगवेगळे अंदाज आहेत, पण साधारण ५ ते १० टक्के मुलांना ही अडचण असते असं मानलं जातं, आणि घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते.

आपल्या लिप्यांचा यात स्वतःचा हिशेब आहे. इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं. फिलिप सीमोर यांनी २००३ मध्ये युरोपातल्या भाषांची तुलना केली, तेव्हा शाळेचं पहिलं वर्ष संपताना बहुतेक भाषांतली मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ सगळे बिनचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी मुलं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मराठी-गुजरातीत लिहिलं तसं वाचायचं, म्हणून सोपं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामातून दिसलं की अक्षरसंच पक्का व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. शिवाय 'लिहिलं तसं' कुठं वाचतो आपण? 'अडचण' लिहितो, वाचतो 'अड्चण्'. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे, खूण एकच. पहिली वेलांटी बोलायची व्यंजनानंतर आणि लिहायची आधी. 'स्थिती'त तर ती दोन व्यंजनांच्याही आधी जाऊन बसते.

त्यामुळे मराठी-गुजराती वाचणाऱ्या डिस्लेक्सिक मुलाच्या चुका पुढेपुढे कमी होतात, पण वेग येत नाही. चौथीतलं मूल बरोबर वाचतंय म्हणून बाई निर्धास्त असतात; घड्याळ लावलं की खरं काय ते कळतं. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या मोहिमेनं २०२१ मध्ये तिसरीअखेरचं उद्दिष्ट मिनिटाला किमान ६० शब्द ठेवलं आहे. अनोळखी पण सोपा उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. चौथीतलं मूल पंचविसावर रेंगाळत असेल तर पुढची तपासणी हवीच.

तपासणीत पहिलं काम नजर आणि कान तपासून घेण्याचं. मग कागद न दाखवता तोंडी खेळ: 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'पाट'मधल्या 'प'च्या जागी 'त' ठेव. 'मगर' उलटं म्हण. मग ओळखीच्या चित्रांची किंवा रंगांची ओळ भराभर सांगायला लावून सेकंद मोजतात. त्यानंतर 'टमुळ', 'गिसप', 'लोदक' असे अर्थ नसलेले शब्द वाचायला देतात. पाठ्यपुस्तकातला धडा पोपटासारखा म्हणणारं मूल इथं हमखास उघडं पडतं, कारण 'लोदक' कुणी पाठ केलेलं नसतं.

बडोद्यात चूक होते ती चाचणीची भाषा निवडताना. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटानं 'डाली' हा चाचणीसंच केला. २०१५ मध्ये तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आला. पालक म्हणतात, आमची मातृभाषा मराठी, मराठीत घ्या. पण या मुलाला मराठी वाचायला शाळेनं कधी शिकवलेलंच नसतं. मराठी शाळेतल्या मुलांच्या सरासरीशी त्याची तुलना केली तर निरोगी मूलही नापास होईल. मग तोंडी ध्वनीचे खेळ मराठीत घ्यावेत, कारण त्याचा शब्दसाठा तिथं सगळ्यात मोठा. वाचन-लेखन ज्या माध्यमात शिकलं त्यात घ्यावं, आणि तुलना त्याच वर्गातल्या मुलांशी. अहवालात कोणती चाचणी कोणत्या भाषेत झाली याची नोंद नसेल, तर तो अहवाल परत करून विचारायला संकोच करू नये. तपासणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांकही बेलाशक विचारावा.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे; डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळायचं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. सूचना मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी चालू नियम पाहावेत. पण मदत सुरू करायला आठव्या वर्षाची वाट पाहणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. सहाव्या वर्षी ध्वनीचे खेळ सुरू करायला कुणाचा शिक्का लागत नाही.

आता शिकवणं. ४० ते ४५ मिनिटांचा तास, आठवड्यातून तीन-चार वेळा, एकास एक किंवा फार तर तिघांचा गट. पहिली पाच मिनिटं तोंडी: शब्द सांगायचा, मुलानं प्रत्येक ध्वनीला एक कवडी पुढं सरकवायची. 'ताक'ला तीन कवड्या, त्-आ-क्. ज्याला दोनच सरकवाव्याशा वाटतात, त्याला अजून स्वर वेगळा ऐकू येत नाही. मग दहा-बारा मिनिटं एकच नवी गोष्ट. मग वाचन, मग श्रुतलेखन, आणि शेवटी आधी शिकलेल्याची उजळणी.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं घेऊ नयेत. क-ख-ग-घ हा क्रम उच्चारशास्त्राला शोभतो. अडणाऱ्या मुलाला तो सारख्या वाटणाऱ्या ध्वनींच्या तोंडी देतो. म, क, स, र, ल, ट अशी दिसायला आणि ऐकायला लांबची अक्षरं आधी घ्यावीत आणि काना लगेच जोडावा, म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात 'मामा', 'काका', 'मासा' वाचता येतं. घ शिकवला की ध निदान महिनाभर लांब. पहिली वेलांटी सगळ्या मात्रांत शेवटी.

बाराखडीचा एक सापळा आहे. मूल 'क का कि की' चालीत धडाधडा म्हणतं आणि घरचे खूश होतात. तक्त्यावर मधल्याच 'कु'वर बोट ठेवा. मूल मनात पहिल्यापासून म्हणत येतं, ओठ हलताना दिसतात, आणि मग उत्तर देतं. ते गाणं आहे, वाचन नव्हे. तक्ता उभा-आडवा विस्कटून, रोज वेगळ्या जागेपासून विचारावा.

जोडाक्षरांना पुठ्ठ्याची पत्ती कामाला येते. स, त, प, म अशा उभ्या दांड्याच्या अक्षरांची पत्ती करायची आणि दांडा मागं दुमडायचा: स चा स् झाला. तो 'त'ला चिकटवला की 'स्त'. आवाज कुठं तुटला ते मुलाच्या बोटांना कळतं. ट, ड, द, ह यांना हा दांडा नसतो, म्हणून त्यांची पाळी नंतर. क्ष आणि ज्ञ यांत घटक दिसतच नाहीत. ती सरळ नवी अक्षरं म्हणून शिकवावीत. र सगळ्यांत शेवटी, कारण तो 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'प्रकार'मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी येतो आणि 'दऱ्या'मध्ये पापणीसारखा वळतो. चारही रूपं एका तासात दाखवणारा शिक्षक उत्साही असतो, पण मुलाच्या हाती काही लागत नाही.

लिप्यांचं काय? माध्यमाची लिपी आधी पक्की होऊ द्यावी. गुजराती माध्यम असेल तर देवनागरीला ग, न, म, त, व यांपासून हात घालावा. डोक्यावर रेघ ओढली की ही अक्षरं जवळजवळ तयारच. अ, क, ख, च, ज, ब, ल ही मात्र पुरती वेगळी, त्यांना स्वतंत्र वेळ द्यावा. गुजरातीची पत्ती पिवळी, देवनागरीची पांढरी, शिरोरेषा लाल पेन्सिलनं. गणिताच्या वहीत आकडे कोणत्या लिपीत लिहायचे हे शाळेशी बोलून ठरवावं आणि वर्षभर तेच ठेवावं, म्हणजे 'प की पाच' हा झगडा तरी मिटतो.

दर शुक्रवारी एक मिनिटाचं वाचन घेऊन आलेख काढावा. सहा-आठ आठवड्यांत रेघ वर सरकली नाही तर पद्धत बदलायची, मुलाला दमात घ्यायचं नाही. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नयेत; अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून त्यांना पुरावा नाही असं सांगितलं आहे. दहा वेळा लिहून काढायची शिक्षा तर त्याहून वाईट, कारण तिसऱ्या ओळीनंतर मूल वरची ओळ बघून चित्र काढत असतं.

बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत हा जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रत्येक बोर्डाचे नियम निराळे, त्या वर्षीचं परिपत्रक शाळेतून घ्यावं. फजिती होते ती सरावाअभावी. उत्तर तोंडी सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे: वाक्य मनात पुरं करायचं, विरामासह सांगायचं, आकृतीतल्या नावांची जागा दाखवायची, लिहून झालेलं परत वाचून मागायचं. नववीच्या सहामाहीपासून त्याच लेखनिकाबरोबर निदान पाच-सहा पूर्ण पेपर सोडवले नाहीत, तर मिळालेला तास मूल आणि लेखनिक एकमेकांकडे बघण्यात घालवतात. आणि लेखनिकाला गुजराती लिपी भराभर लिहिता येते ना, हे आधी पाहून घ्यावं; घरचं माणूस मराठीतून सांगितलेलं उत्तर मनात उलथवून लिहीत बसलं, तर मुलाचं पुढचं वाक्य तोवर हरवलेलं असतं.