छंद सगळ्यांचा, ओवी एकाची: एडिटरच्या फाइलींचा फॉरमॅट आणि लायसन्स

एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, कोड रंगीत दिसतो तो बहुतेकदा एका व्याकरण-फाइलीमुळे. कीवर्ड कुठला, कॉमेंट कुठे संपते, हे सगळं त्यात रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे मजकुरातले साचे ओळखणाऱ्या सूत्रांनी, लिहिलेलं असतं. ही पद्धत रुळवली टेक्स्टमेटनं. २००४ साली मॅकसाठी आलेल्या या एडिटरच्या वापरकर्त्यांनी प्रोग्रॅमिंगच्या भाषागणिक 'बंडलं', म्हणजे अशा फाइलींचे संच, रचली. पुढे सब्लाइम टेक्स्ट हा दुसरा एडिटर तोच फॉरमॅट वाचू लागला, आणि व्हीएस कोड हा एडिटर आजही रंगांसाठी टेक्स्टमेट-पद्धतीचीच व्याकरणं चालवतो.

गल्लत होते ती इथे. 'ही फाइल माझ्या एडिटरात चालते' हे झालं फॉरमॅटचं. 'ही फाइल मी माझ्या एक्स्टेन्शनमध्ये (एडिटरला जोडायच्या पुरवणीत) घालून वाटू शकतो' हे लायसन्सचं. पहिलं खरं असलं म्हणजे दुसरं खरं असतंच असं नाही.

ओवी रचायला कुणाची परवानगी लागत नाही. पण शेजारणीनं रचलेली ओवी तुम्ही स्वतःच्या नावावर छापलीत, तर ती जाब विचारणारच. फॉरमॅट म्हणजे ओवीचा छंद, फाइल म्हणजे ओवी. सॅस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयानं २ मे २०१२ रोजी सांगितलं की, प्रोग्रॅमला जे कॉपीराइट-संरक्षण मिळतं ते त्याच्या डेटा फाइलींच्या फॉरमॅटला मिळत नाही.

फाइल मात्र कुणीतरी रात्री जागून लिहिलेली असते. टेक्स्टमेटचंच बघा. एडिटरचा सोर्स (मूळ कोड) २०१२ मध्ये जीपीएल ३ या, बदललेली प्रत वाटताना तोच परवाना लावायला सांगणाऱ्या, लायसन्सखाली खुला झाला, म्हणून बंडलंही जीपीएलच, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. बंडलांच्या रीडमीत (सोबतच्या माहिती-फाइलीत) भलताच मोकळा परवाना आहे: कॉपी करा, बदला, विका, वाटा, हमी मात्र मागू नका. फक्त त्याआधी 'वेगळं काही नमूद नसेल तर' अशी अट आहे आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. फाइलीच्या डोक्यावर तिचं स्वतःचं लायसन्स असेल, तर तेच लागू.

सगळ्यात फसवी ती लायसन्सच नसलेली फाइल. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ती सर्वांना दिसते, तिथल्या तिथे फोर्कही करता येते, म्हणजे आपल्या खात्यात तिची प्रत घेता येते. पण उचलून आपल्या पॅकेजात घालायची मुभा त्यातून मिळत नाही. कॉपीराइट लागू व्हायला भारतातही नोंदणी लागत नाही.

नीट कसं करावं हे व्हीएस कोडच्या सोर्समध्ये दिसतं. तिथल्या बऱ्याच व्याकरणांच्या जेसॉन (डेटा लिहायचा एक फॉरमॅट) फाइलीत सुरुवातीलाच टीप असते: ही फाइल अमुक रेपोतून (कोडच्या साठ्यातून) रूपांतरित केली आहे, दुरुस्ती सुचवायची असेल तर पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) मूळ रेपोत करा. शेजारच्या 'सीजीमॅनिफेस्ट' फाइलीत रेपोचा पत्ता, कमिटचा हॅश (नेमकी कुठली आवृत्ती घेतली त्याची खूण) आणि लायसन्स. मला तर ती टीपच जास्त मोलाची वाटते, कारण मूळ रेपोत झालेली दुरुस्ती प्रतिस्पर्धी एडिटरलाही उचलता येते.

मी एकदा एमआयटी या मोकळ्या लायसन्सची एक थीम (एडिटरची रंगसंगती) एक्सएमएल या दुसऱ्या फॉरमॅटमधून जेसॉनमध्ये आणली. रूपांतर करताना वरची कॉपीराइटची ओळ गळली आणि फाइल आता आपली झाली, असं मी खुशाल समजत होतो. मूळ लेखकाची दोन ओळींची मेल आली. एमआयटीची अट तेवढीच: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. पुढच्या आवृत्तीत दोन्ही परत घातलं.