जुन्या लेन्समधला धुरकटपणा: बुरशी की ग्रीसचा थर?

जुना झेनिट किंवा याशिका कॅमेरा कपाटातून निघाला, लेन्समध्ये काहीतरी धुरकट दिसलं, की घरातलं कोणीतरी सांगतंच, "बुरशी लागली, उन्हात ठेवा." मराठवाड्यात हा सल्ला उलटा पडू शकतो. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा 42 अंशांच्या वर जातो आणि त्याच उष्णतेने लेन्सचं दुसरं दुखणं, म्हणजे ग्रीसचा थर, वाढतं.

आधी नीट बघा. लेन्सची पाती (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी) पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. बुरशीला आकार असतो: कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले बारीक तंतू, बऱ्याचदा कडेकडून आत सरकलेले. ग्रीसच्या थराला आकारच नसतो. काचेवर पातळ दुधी पापुद्रा, सगळीकडे जवळपास सारखा. साध्या उजेडात तो दिसतही नाही, पण उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळं फिकट येतं.

फोकसची रिंग फिरावी म्हणून आत ग्रीस भरलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातलं तेल सुटतं, पात्यांवर पसरतं, त्याची वाफ जवळच्या भिंगांवर बसते. पत्र्याच्या घरात माळ्यावर पडलेल्या लेन्समध्ये मला आधी याचीच शंका येते. रिंग जड फिरत असेल किंवा पाती तेलकट दिसत असतील, तर शंका आणखी पक्की. बुरशीला मात्र ओल लागते. ती पावसाळ्यात, बंद चामडी कव्हरमध्ये वाढते. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून कव्हर कितीही देखणं असलं तरी कॅमेरा त्यात ठेवू नका.

थर बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सच्या मऊ कागदाने निघतो. त्यासाठी लेन्स स्पॅनरने (भिंग धरून ठेवणारी कडी फिरवायच्या हत्याराने) भिंग उघडावं लागतं. प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवा. जुनं ग्रीस तसंच राहिलं तर थर पुन्हा धरतो. बुरशीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून थोडा वेळ थांबतात, मग हलक्या हाताने पुसतात. पण बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग (चकाकी कमी करणारा पातळ लेप), कधीकधी काचही खातं. तंतू गेले तरी त्यांचे ठसे उरले, तर घासू नका. ते निघत नाहीत, उलट उरलेलं कोटिंग जातं. एखाद्या कोपऱ्यातल्या ठशांनी फोटोला फारसा फरक पडत नाही, म्हणून तेवढ्यासाठी लेन्स टाकून देऊ नका.

जोडभिंगांच्या (एकमेकांना चिकटवलेल्या भिंगांच्या) कडेला इंद्रधनुषी रंग दिसले, तर ते या दोन्हींपैकी काही नाही. मधला डिंक सुटलाय. पुसून तो बसत नाही, आणि ती जोडणी घरी उघडू नये.

विकत घेताना थर असलेली लेन्स मी बिनधास्त घेईन, बुरशीने कोटिंग खाल्लेली मात्र घेणार नाही. घेतल्यावर पावसाळ्यात ती सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा, उन्हाळ्यात घरातल्या सर्वांत थंड खोलीत.