चेरी घेताना डोळा आणि जीभ

चेरी घ्यायला आलेल्या बहुतेकांचा हात आधी सगळ्यात मोठ्या, सगळ्यात गडद फळाकडे जातो. त्यात चूक काही नाही. पण पुढच्या खेपेला गिऱ्हाईक परत येतं ते चवीमुळे, आणि चव वरून सगळी कळत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी रंग. ‘जितकी काळपट, तितकी गोड’ हे एकाच वाणापुरतं बरोबर आहे. फळ झाडावर पिकत जातं तसं गडद वाणांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य वाढतं आणि साखरही वाढते. दोन वेगळे वाण शेजारी ठेवले की मात्र हा आडाखा कोलमडतो. रेनियरच बघा. 1952 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बिंग आणि व्हॅन या दोन गडद वाणांच्या संकरातून ती तयार झाली, आणि निघाली पिवळी, गालावर लाली असलेली! कच्ची समजून लोक ती बाजूला सारतात. खरं तर गोडीत ती भल्याभल्या काळ्या चेरींना मागे टाकते. फक्त तिच्या फिकट सालीवर बोटाचा दाबही डाग होऊन उमटतो, तेव्हा जरा हलक्या हाताने.

गोडी मोजायचं माप म्हणजे ब्रिक्स, म्हणजे रसात साखर साधारण किती टक्के आहे ते. रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या मोजणी-यंत्रावर टाकले की आकडा कळतो. 16 च्या खाली गेलेली गडद चेरी बहुतेकांना पाणचट लागते. पण नुसता आकडा पुरत नाही. चेरीत मॅलिक आम्ल असतं, सफरचंदात असतं तेच. ते फार कमी असलं तर गोड फळही मिळमिळीत लागतं. कोणाला निव्वळ गोड आवडते, कोणाला मागे किंचित आंबट झाक हवी असते. तुमची आवड सांगितलीत तर वाण सुचवणं आम्हाला सोपं जातं.

मोठ्या फळाचा आग्रह अगदीच निराधार नाही. झाडावर फळांची गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला साखर कमी येते आणि आकारही लहान राहतो. 28 मिलिमीटरच्या पुढचं फळ मोठं मानतात.

देठाला मात्र लोक जरा जास्तच भाव देतात, असं आमचं मत. हिरवा देठ ताजेपणाची खूण आहेच, पण फळाआधी देठ सुकतो. देठ तपकिरी झाला तरी आतला गर टणक आणि रसरशीत असू शकतो. साल चकचकीत आहे का, फळ दाबल्यावर घट्ट लागतं का, हे आधी बघा. सालीवरचे खळगे बहुधा हाताळणीत बसलेल्या माराचे असतात आणि ते दोन-चार दिवसांनी उमटतात, म्हणून आमच्याही नजरेतून कधी सुटतात.

एक गोष्ट वारंवार सांगावी लागते: चेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबट निघालेली चेरी चार दिवस ठेवून गोड होणार नाही, मऊ तेवढी पडेल.

घरी नेल्यावर न धुता, देठासकट, फ्रीजच्या सगळ्यात थंड भागात ठेवा. धुवायची ती खायच्या वेळीच. खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवलीत तर बरं, कारण फार गार फळाची गोडी जिभेला कमी जाणवते.