माया लिपी नव्वद वर्षे का अडून राहिली

१८६४ साली पॅरिसमध्ये एक जुने स्पॅनिश हस्तलिखित प्रथमच छापून प्रसिद्ध झाले. ब्रासेर द बुर्बूर या फ्रेंच धर्मगुरूला ते दोन वर्षांपूर्वी माद्रिदमधील रॉयल अकॅडमी ऑफ हिस्टरीच्या ग्रंथालयात आढळले होते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील माया लोकांची शेती, सणवार, देवदेवता आणि पंचांग यांचे त्यात तपशीलवार वर्णन होते. आणि एका पानावर स्पॅनिश मुळाक्षरांसमोर, एकेका अक्षरासाठी म्हणून, माया लिपीतील चिन्हे काढलेली होती. विस्मृतीत गेलेल्या लिपीच्या अभ्यासकाला याहून मोठे घबाड हाती लागणे कठीण. शिवाय माया पोथ्यांच्या प्रती तोवर प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या आणि माया भाषा तर लाखो लोकांच्या तोंडी जिवंत होत्या. तरीही त्या पानाचा खरा उपयोग १९५२ पर्यंत कोणालाही करता आला नाही.

हा उशीर का झाला, हा प्रश्न मला प्रत्यक्ष उकलीइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुरावा अपुरा होता असे म्हणता येत नाही. ही चिन्हे बोलीतले शब्द लिहीतच नाहीत, अशी जाणकारांची पक्की समजूत होऊन बसली होती, आणि खरा अडसर तोच होता.

आधी ही लिपी लोप कशी पावली ते पाहायला हवे. ग्वाटेमालातील सान बार्तोलो येथे मिळालेला माया लेखनाचा नमुना इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे इतका जुना आहे, तर दगडी स्तंभांवरील दीर्घ कालगणनेची (एका ठरावीक आरंभदिनापासून दिवस मोजत जाण्याच्या माया पद्धतीची) अखेरची ज्ञात नोंद मेक्सिकोच्या चियापासमधील तोनिना येथे इसवी सन ९०९ मधली आहे. त्यानंतर दक्षिणेकडील बहुतेक नगरे ओस पडली. पण लेखन थांबले नाही. उंबराच्या जातीच्या झाडाची अंतर्साल कुटून तिचा कागद करायचा, त्यावर चुन्याचा गुळगुळीत थर द्यायचा आणि घडीच्या लांब पट्टीवर रंगांनी लिहायचे, ही पोथ्यांची परंपरा उत्तर युकातानमध्ये स्पॅनिश लोक येईपर्यंत चालू होती.

१२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा याने माया पोथ्या आणि मूर्ती जाहीरपणे जाळल्या. बाटवलेले लोक गुपचूप जुन्या देवांची पूजा करतात या संशयावरून त्यापूर्वी अनेकांचा छळ झाला होता आणि त्यात माणसेही दगावली होती. या पुस्तकांत सैतानी खोटेपणाशिवाय काही नव्हते म्हणून आम्ही ती सगळी जाळली आणि त्याचे त्या लोकांना विलक्षण दुःख झाले, असे लांदाने स्वतःच लिहून ठेवले आहे. अधिकाराबाहेर जाऊन वागल्याच्या आरोपाला उत्तर देण्यासाठी त्याला स्पेनला परतावे लागले, आणि तेथे १५६६ च्या सुमारास त्याने जो वृत्तांत लिहिला, त्यातच ते मुळाक्षरांचे पान आहे. ज्या हातांनी पोथ्या जाळल्या त्याच हातांनी त्या वाचण्याचे साधन मागे ठेवले, हा इतिहासातला एक क्लेशदायक योग आहे.

मात्र एका होळीने लिपी मरत नाही. लिपी जगते ती जाणत्याने शिकाऊला शिकवण्यावर, आणि तेच बंद पडले. माया सरदारांच्या मुलांना मिशनच्या शाळांत रोमन अक्षरे शिकवली गेली, जुनी पोथी बाळगणे हा गुन्हा ठरला आणि काही पिढ्यांतच वाचणारे संपले. ग्वाटेमालातील किचे लोकांचा ‘पोपोल वुह’ हा महान ग्रंथ आणि युकातानमधील ‘चिलाम बालाम’ची पुस्तके माया भाषांत आहेत, पण रोमन लिपीत. अखेरचे स्वतंत्र माया राज्य, पेतेन इत्झा सरोवरातील नोहपेतेन, १६९७ मध्ये पडले. लिपी गेली, भाषा मात्र टिकली. पुढे हाच फरक निर्णायक ठरला.

जुन्या पोथ्यांपैकी आज फक्त चार उरल्या आहेत. ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस येथील तीन, आणि चौथी मेक्सिकोची, जिच्या अस्सलपणाबद्दलचा दीर्घ वाद २०१८ मध्ये मिटला. यांतील ड्रेस्डेनच्या पोथीवर तेथील ग्रंथपाल एर्न्स्ट फर्स्टेमान याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अपूर्व काम केले. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपल्यासारखे चिन्ह म्हणजे शून्य, आणि गणना विसांच्या पटीत, हे धरून त्याने त्या पोथीतील शुक्राच्या उदयास्ताची कोष्टके आणि माया लोकांची दीर्घ कालगणना उलगडली. अंक आणि तिथ्या वाचता येऊ लागल्या, बाकीचा मजकूर मात्र मुका राहिला. आणि जेवढे वाचता येते तेवढेच तेथे लिहिलेले असावे, असा ग्रह हळूहळू रुजला.

या मताचा सर्वांत वजनदार पुरस्कर्ता म्हणजे इंग्रज पुरातत्त्वज्ञ एरिक थॉम्पसन. त्याची विद्वत्ता अफाट होती. त्याने केलेली चिन्हांची सूची आजही वापरात आहे. पण माया म्हणजे ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणात आणि काळाच्या पूजेत रमलेले शांतताप्रिय पुरोहित, आणि त्यांचे लेख म्हणजे बोलीशी संबंध नसलेली गूढ कल्पनाचिन्हे, हे त्याचे चित्र या क्षेत्रात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ शिरोधार्य होते.

लांदाच्या पानाने अभ्यासकांची निराशा केली, त्यालाही कारण होते. लांदाला वाटले, प्रत्येक लिपीत मुळाक्षरे असणारच. त्याने आपल्या माया माहितगाराला स्पॅनिश अक्षरे त्यांच्या नावांनी विचारली. ‘बी’ या अक्षराचे स्पॅनिश नाव ‘बे’. माया भाषेत ‘बे’ म्हणजे वाट. म्हणून लेखकाने वाटेवर उमटलेल्या पावलाच्या ठशाचे चिन्ह काढून दिले. ‘ले’ म्हणजे फास हा शब्द कसा लिहाल असे विचारताना लांदाने बहुधा अक्षरे एकेक उच्चारली, ‘एले, ए’, आणि मग पूर्ण शब्द ‘ले’. लेखकाने कानावर पडले ते सगळे निमूटपणे उतरवले, ‘ए-ले-ए-ले’. शेवटी काहीतरी वाक्य लिहा म्हटल्यावर त्याने लिहिले ‘मा इन काति’, म्हणजे ‘माझी इच्छा नाही’. ती वर्णमाला समजून एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी पोथ्या वाचायला घेतल्या, तेव्हा निरर्थक शब्द निघाले, आणि लांदाचे पान निरुपयोगी ठरवून बाजूला टाकले गेले.

त्या पानाकडे नव्याने पाहिले ते लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हने. खार्कीव्हजवळ जन्मलेला हा तरुण भाषाभ्यासक तोवर मध्य अमेरिकेत कधी गेलेला नव्हता. त्याच्याजवळ होत्या पोथ्यांच्या छापील प्रती आणि लांदाचा वृत्तांत. त्याने आधी चिन्हे मोजण्याचा विचार केला. मुळाक्षरांच्या लिपीला विसातीस चिन्हे पुरतात आणि चिनीसारख्या शब्दलिपीला हजारो लागतात. माया लिपीतील चिन्हे काहीशे भरतात. म्हणजे इजिप्तच्या लिपीप्रमाणे ही मिश्र असणार, काही चिन्हे अख्ख्या शब्दाची आणि काही उच्चाराची. आणि उच्चारचिन्हे व्यंजन अधिक स्वर अशा जोडीची. लांदाच्या लेखकाने दिली ती मुळाक्षरे नव्हतीच, ‘का’, ‘कु’, ‘बे’, ‘ले’ अशी स्वरयुक्त अक्षरे होती.

हे पडताळण्याची त्याची रीत फार सुंदर आहे. पोथ्यांमध्ये चित्रावर मजकूर असतो, आणि टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे येतात. पहिले लांदाच्या पानावरचे ‘कु’. युकातानच्या माया भाषेत टर्कीला ‘कुत्स’ म्हणतात (यातला ‘त्स’ आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’सारखा). तेव्हा दुसरे चिन्ह ‘त्सु’ असावे. आता कुत्र्याच्या चित्रावरचा शब्द पाहिला, तर त्याची सुरुवात याच ‘त्सु’ने होते आणि पुढे येते लांदाने ‘एल्’साठी दिलेले चिन्ह. ते ‘लु’ मानले की शब्द होतो ‘त्सु-लु’. आणि कुत्र्याला जुना माया शब्द आहे ‘त्सुल’. तिसरी खूण ड्रेस्डेनच्या पोथीत. एके ठिकाणी अकरा हा आकडा अपेक्षित असताना रेघाटिंबांऐवजी तीन चिन्हे आहेत. पहिले खराब झालेले, पुढची दोन ‘लु’ आणि ‘कु’. माया भाषेत अकरा म्हणजे ‘बुलुक’. एकच चिन्ह वेगवेगळ्या शब्दांत तोच उच्चार देते, हे योगायोगाने घडत नाही.

यात शब्दाच्या शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही, ही गोष्ट युरोपीय विद्वानांना खटकली. मराठी वाचकाला ती खटकण्याचे कारण नाही: आपण ‘घर’ लिहितो तेव्हा ‘र’मध्ये अकार असतो, बोलताना तो गळतो. माया लेखक शेवटच्या अक्षरासाठी शक्यतो आधीच्याच स्वराची पुनरुक्ती करत, म्हणून ‘कु’पुढे ‘त्सु’. या नियमाला अपवाद पुढे पुष्कळ सापडले, पण पाया ढळला नाही.

१९५२ मध्ये ‘सोव्हिएत्स्काया एत्नोग्राफिया’ या नियतकालिकात क्नोरोझोव्हचा लेख प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या संपादकीय प्रस्तावनेत मार्क्सवादी पद्धतीचा गौरव होता, आणि शीतयुद्धाच्या त्या काळात थॉम्पसनने १९५३ मध्ये तो सिद्धान्त साम्यवादी प्रचार म्हणून झटकून टाकला. काही वाचनांत चुका होत्या, त्यांवर बोट ठेवून अख्खी पद्धत नाकारणे सोपे गेले. क्नोरोझोव्हने प्रत्यक्ष माया नगरे पाहिली ती थेट १९९० च्या सुमारास, म्हातारपणी. दरम्यान साठच्या दशकात त्याने संगणकाच्या साहाय्याने सिंधू लिपीवरही काम केले. ती भाषा द्राविडी गटातील असावी असे त्याच्या गटाचे मत होते, पण सिंधू लेख आजही वाचता आलेले नाहीत. तेथे मजकूर फार तोकडे आहेत आणि लांदासारखा दुवा नाही. दुव्याची किंमत या तुलनेत कळते.

दुसरा धक्का थॉम्पसनच्या अगदी जवळून आला. तातियाना प्रोस्कुरियाकोफ ही त्याची सहकारी, सैबेरियातील तोम्स्क येथे जन्मून अमेरिकेत वाढलेली वास्तुरेखाकार. पिएद्रास नेग्रास या माया नगरातील स्तंभांच्या तिथ्या तिने शांतपणे मांडल्या, तेव्हा त्यांचे गट पडताना दिसले. प्रत्येक गटातील पहिल्या स्तंभावर उंच कोनाड्यात बसलेली एक व्यक्ती, आणि एकाही गटाचा कालखंड माणसाच्या आयुष्याहून मोठा नाही. उलट्या बेडकासारखे दिसणारे एक चिन्ह सर्वांत आधीच्या तिथीबरोबर येई, आणि दाढदुखीमुळे गाल बांधल्यासारखे दिसणारे दुसरे त्यानंतर काही वर्षांनी. एक जन्म, दुसरा राज्यारोहण. स्तंभांवर देव नव्हते, राजे होते. आणि ज्यांना पुरोहित समजले जाई त्या लांब वस्त्रांतल्या आकृती राण्यांच्या होत्या. एकही शब्द उच्चारून न वाचता, १९६० च्या एका निबंधात, तिने माया लेखांना इतिहास परत मिळवून दिला. थॉम्पसनने तिचे म्हणणे मान्य केले, हे त्याच्या मोठेपणाला धरूनच झाले.

या दोन वाटा १९७३ मध्ये मेक्सिकोतील पालेंके या माया नगराच्या ठिकाणी भरलेल्या परिषदेत एकत्र आल्या. लिंडा शेले, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी या अभ्यासकांनी एका बैठकीत तेथील राजांची वंशावळ मांडली. मंदिराखालच्या भव्य थडग्यातील राजाचे नाव कधी ढालीच्या चित्राने लिहिलेले, तर कधी ‘पा-का-ला’ अशा तीन अक्षरांनी; माया भाषेत ‘पाकाल’ म्हणजे ढाल. एकाच नावाचे चित्र आणि उच्चार असे शेजारी सापडल्यावर शंकेला जागा उरली नाही. हा पाकाल ६०३ मध्ये जन्मला, बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ६८३ मध्ये वारला.

पुढचा वेग मुख्यतः डेव्हिड स्टुअर्ट या लिपी-अभ्यासकाचा. १९८७ च्या त्याच्या निबंधाने दहा अक्षरांची वाचने एका दमात पक्की केली, आणि एकाच उच्चारासाठी लेखक अनेक चिन्हे आलटून पालटून वापरतात हे स्पष्ट केले. त्याच काळातला एक पुरावा तर प्रयोगशाळेतूनच आला. ग्वाटेमालातील रिओ असुल येथे पाचव्या शतकातील थडग्यात फिरकीचे झाकण असलेले मातीचे भांडे मिळाले. त्यावरील माशाच्या आकृतीचे चिन्ह ‘का’ असे वाचून स्टुअर्टने शब्द लावला ‘का-का-वा’, म्हणजे कोको. भांड्यातील खरवडीचे रासायनिक परीक्षण हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले. तिच्यात कोकोची ओळख पटवणारी थिओब्रोमीन आणि कॅफीन ही द्रव्ये निघाली.

आज बहुसंख्य चिन्हे वाचता येतात, आणि शांत पुरोहितांचे चित्र पार पुसले गेले आहे. तिकाल आणि कालाकमुल या माया नगरराज्यांचे दीर्घ वैर लेखांत आहे. ७३८ मध्ये लहानशा किरिग्वाच्या राजाने कोपानच्या बलाढ्य राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केल्याची नोंद आहे. अजून न उलगडलेली चिन्हे बहुधा एखाददुसऱ्या ठिकाणीच येणारी आहेत. त्यांचे दुसरे, अक्षरांनी लिहिलेले रूप कुठे मिळेल याची वाट पाहावी लागते. म्हणूनच चोरट्या उत्खननाचे नुकसान मोठे आहे: बाजारात विकलेल्या भांड्यावरचा मजकूर उरतो, पण ते कोणाच्या थडग्यात होते हे कायमचे जाते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून शेले आणि निकोलाय ग्रूबे यांनी ग्वाटेमालात माया भाषकांसाठी लिपीच्या कार्यशाळा घेतल्या, आणि आता माया शिक्षक व कलाकार स्वतः ती शिकवतात, तिच्यात नवे लिहितात. त्यात एक खरी अडचण येते. जुनी लिपी ज्या चोल गटाच्या भाषेसाठी घडली, तिच्यात ‘क’ एकाच जागेहून उच्चारला जाई. किचे आणि काक्चिकेल भाषांत मात्र घशातून निघणारा आणखी एक ‘क’ आहे, आणि त्यासाठी जुन्या अक्षरसंचात चिन्हच नाही. त्यामुळे आजचे लेखक जुन्या चिन्हांत फेरफार करून या उच्चारांसाठी नवी अक्षरे घडवत आहेत.