बाळंतपणानंतर आईचं सावरणं

बाळंतपणानंतर बाईचं शरीर आणि मन पुन्हा ताळ्यावर यायला जो काळ लागतो त्याला वैद्यकीय पुस्तकांत सूतिकाकाल म्हणतात आणि त्याची मुदत ६ आठवडे धरतात. डॉक्टर तेवढ्या दिवसांनी तपासायला बोलावतात, घरचे तेवढे दिवस सांभाळून घेतात, आणि मग आता सगळं पहिल्यासारखं झालं असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं. पण नीट बघितलं तर हा ६ आठवड्यांचा आकडा मुख्यतः गर्भपिशवीचा आहे, बाकी शरीराचा नाही आणि मनाचा तर नाहीच. टाके, ओटीपोटाचे स्नायू, रक्तातलं लोह, थायरॉइड, केस, झोप, मूड या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, कुणाचं आठवड्याभरात भागतं तर कुणाला वर्ष लागतं.

पहिले काही दिवस

वार (म्हणजे प्लासेंटा) पडली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण आईसाठी सगळ्यात नाजूक वेळ तिथूनच सुरू होते. वार जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि गर्भपिशवीचे स्नायू घट्ट आवळले तरच त्या दाबल्या जाऊन बंद होतात, पिशवी सैल राहिली तर भराभर रक्त जातं. ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणायची पद्धत आहे. म्हणून तर बाळ बाहेर आल्या आल्या ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पिशवी आवळणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन देतात आणि नर्स पुन्हा पुन्हा येऊन पोट दाबून बघते. तेव्हा दुखतं आणि रागही येतो, पण पिशवी घट्ट आहे की नाही हे बघायचा तोच साधा उपाय आहे.

त्या वेळी गर्भपिशवीचं वजन साधारण १ किलो असतं आणि तिचं वरचं टोक बेंबीपाशी लागतं. मग ती रोज बोटभर खाली उतरते, दोनेक आठवड्यांत वरून हाताला लागेनाशी होते आणि सहाव्या आठवड्यापर्यंत १०० ग्रॅमच्या आत येते. आकसताना कळा येतात, दूध पाजताना जास्त, कारण पाजताना जे ऑक्सिटोसिन सुटतं तेच पिशवीलाही आवळतं. दुसऱ्या तिसऱ्या खेपेला या कळा पहिल्यापेक्षा जोरात असतात, हे आधी कुणी सांगत नाही आणि मग बाई घाबरते.

अंगावरून जाणं सिझर झालं तरी होतंच. पहिले ३-४ दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरं, असं करत ४ ते ६ आठवडे चालतं. कमी झालेलं रक्त जास्त हालचाल केल्यावर पुन्हा लाल दिसायला लागलं तर बहुतेक वेळा दगदग झाली असा त्याचा अर्थ असतो. मात्र एका तासात आख्खं पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडतायत किंवा घाण वास येतोय असं असेल तर थांबू नये.

पहिल्या आठवड्यात रात्री कपडे भिजतील इतका घाम येतो आणि सारखी लघवी होते, गरोदरपणात साठलेलं जादा पाणी शरीर असं बाहेर टाकत असतं.

टाके, सिझर आणि ओटीपोट

खालच्या फाटण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त कातडी, दुसरीत स्नायू, तिसऱ्या-चौथीत फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जातं. टाके विरघळणारे असतात, काही आठवड्यांत आपोआप जातात. पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, नंतर कोमट पाण्यात बसणं, धुताना पुढून मागे धुणं आणि बद्धकोष्ठ होऊ न देणं एवढं केलं तरी बराच फरक पडतो. पहिल्यांदा शौचाला जायची भीती जवळजवळ प्रत्येकीला वाटते, टाके तुटतील असं वाटतं, पण ते सहसा तुटत नाहीत.

सिझर म्हणजे सोपा मार्ग असं अजूनही बोललं जातं. ते पोटाचं मोठं ऑपरेशन आहे, कातडी, चरबी, त्याखालचं जाड आवरण, पोटाचं अस्तर आणि शेवटी गर्भपिशवी असे एकामागून एक थर उघडतात, स्नायू मात्र बहुतेकदा कापत नाहीत, बाजूला सारतात. तरीही पहिल्या २४ तासांत उठून चालायला लावतात, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. हा धोका नॉर्मल डिलिव्हरीनंतरही पहिले ६ आठवडे जास्तच असतो. एकच पोटरी सुजली, लाल झाली, दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर ते थकव्यावर ढकलू नये. खोकताना-शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरणं आणि काही आठवडे बाळापेक्षा जड काही न उचलणं हे नेहमीचे सल्ले आहेत. व्रणाभोवती बधिरपणा कित्येक महिने राहतो.

मग तो प्रश्न ज्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. खोकलं, हसलं की थेंबभर लघवी होणं हे साधारण तिघींपैकी एकीला होतं, आणि बऱ्याच जणी आता हे असंच चालायचं म्हणून पॅड लावून गप्प बसतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे जे व्यायाम आहेत ते अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडले म्हणून त्यांच्याच नावानं ओळखले जातात. लघवी अडवताना जे स्नायू वापरतो तेच काही सेकंद आवळून धरायचे आणि सोडायचे, दिवसातून तीनदा, आणि निदान ३ महिने तरी, आठवडाभर करून काही होत नाही म्हणून सोडून दिलं तर उपयोग नाही. शौचावर किंवा गॅसवर ताबा राहत नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, त्यावर उपचार आहेत.

पोटाच्या मधोमध दोन्ही स्नायूंत फट पडलेली असते, ती पहिल्या दोनेक महिन्यांत बरीच मिटते आणि उरलेली हळूहळू व्यायामानं. पोट पट्ट्यानं आवळलं तर आधार वाटतो, स्नायू मात्र पट्ट्यानं बळकट होत नाहीत.

दूध

पहिले दोन-तीन दिवस घट्ट चीक येतो आणि तो थोडाच असतो. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास उतरतं, तेव्हा छाती दगडासारखी होते, कधी थोडी कणकणही येते. छातीचा एक भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप चढला तर ती सूज किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, त्या वेळीही पाजणं बंद करायचं नसतं. स्तनाग्रांना चिरा पडणं याचं कारण बहुतेक वेळा बाळाची पकड चुकणं हे असतं, सहन करत राहण्यापेक्षा कुणा जाणकार बाईला पाजताना बघायला सांगितलं तर लवकर सुटतं. आणि काही केल्या जमलं नाही, किंवा आईनंच नको ठरवलं, तर त्यावरून तिला बोल लावण्यात काही अर्थ नाही.

ताप आणि ब्लड प्रेशर

एकेकाळी बाळंतपणाचा ताप हे आयांच्या मृत्यूचं मोठं कारण होतं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच दाखवलं होतं की हा आजार डॉक्टर आणि सुईणीच एकीकडून दुसरीकडे नेतात. पुढे १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, आणि वॉर्डातलं मृत्यूंचं प्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. त्यांचं ऐकलं मात्र फार कमी लोकांनी. आजही ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला तर बाळंतिणीच्या बाबतीत अंगावर काढत नाहीत, लगेच दाखवतात.

ब्लड प्रेशरचं तर अजून विचित्र, ते डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं बाई घरी गेल्यावर. गरोदरपणात प्रेशर नॉर्मल होतं म्हणून नंतर वाढणार नाही असं नाही. जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोजून घ्यावं, १६०/११० म्हणजे इमर्जन्सी.

मन

वार बाहेर पडल्यावर एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन हार्मोन्स काही दिवसांत एकदम कोसळतात. त्यात अंगातून रक्त गेलेलं, झोपेचे तुकडे झालेले, आणि सगळं घर बाळाकडे बघतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणं, चिडचिड, मग उगाच हसू हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, सोबत लागते.

दोन आठवडे उलटूनही तसंच राहिलं, किंवा वाढत गेलं, तर ते वेगळं प्रकरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नुकत्याच बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. ते नेहमी रडण्याच्याच रूपात येतं असं नाही, काहीच न वाटणं, बाळ झोपलंय तरी झोप न लागणं, सतत छातीत धडधड, मी आई म्हणून नालायक आहे असं मनात घोळत राहणं, अशीही रूपं असतात. पहिल्या महिन्यातच होतं असंही नाही, वर्षभरात कधीही डोकं वर काढतं, आणि इथे ६ आठवड्यांचा हिशोब सगळ्यात जास्त फसतो कारण शेवटची तपासणी होऊन गेलेली असते.

हे ओळखायला १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी १० प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली तयार केली. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात विचारतात, एकूण गुण ३०, आणि १३ किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करायला सांगतात, काही ठिकाणी १० वरच सावध होतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचाराबद्दल असतो, त्याला ‘कधीच नाही’ हे सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर बाकीचे गुण न बघता त्याच दिवशी बोलावं लागतं.

उपचार म्हणजे समुपदेशन, गरज असेल तर गोळ्या. पाजत असताना गोळ्या चालत नाहीत ही समजूत चुकीची आहे, सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं आणि म्हणून पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा तेच देतात. खास याच आजारासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये ब्रेक्सानोलोनला मंजुरी मिळाली, पण ते ६० तास शिरेतून द्यावं लागायचं, मग २०२३ मध्ये झुरानोलोन ही १४ दिवस घ्यायची गोळी आली.

एक गोष्ट बायका जवळच्या माणसालाही सांगत नाहीत, ती म्हणजे बाळाला काहीतरी होईल किंवा माझ्याच हातून होईल असे नको ते विचार मनात घुसणं. हे फार जणींना होतं. विचारानं स्वतःच हादरून जाणारी आई बाळाला इजा करायच्या वाटेवर नसते, तिला हवं असतं ते कुणीतरी न दचकता ऐकून घेणं. तसंच बाळाला बघताक्षणी प्रेमाचं भरतं येतं असंही प्रत्येकीचं नसतं, काहींना आठवडे लागतात.

याच्या अगदी उलट प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. तो हजारात एक-दोघींनाच होतो, पण बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत आणि झपाट्यानं. दिवसेंदिवस झोप नाही तरी थकवा नाही, भास, कुणी कट करतंय असं पक्कं वाटणं, आणि त्या विचारांचं तिला स्वतःला काहीच चुकीचं न वाटणं. स्वतःला किंवा घरात कुणाला आधी बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) झालेलं असेल तर धोका बराच जास्त. तिला एकटं सोडायचं नाही आणि तडक हॉस्पिटल गाठायचं, वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

बाळंतपणच भयानक झालं असेल, धावपळीचं ऑपरेशन, खूप रक्तस्राव, बाळ आयसीयूत, किंवा मी ओरडत होते आणि कुणी ऐकलं नाही असा अनुभव, तर ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहतं. बाळ सुखरूप आहे ना मग झालं, असं म्हणून ते मिटत नाही.

आणि ज्यांचं बाळ दगावतं त्यांच्याबद्दल अशा माहितीत सहसा एक ओळही नसते. त्या आईचं शरीर बाकीच्यांसारखंच सगळं करतं, रक्त जातं, टाके दुखतात, आणि तिसऱ्या दिवशी दूधही येतं. ते थांबवायला कॅबरगोलिनसारख्या गोळ्या देता येतात आणि हे तिला आधीच सांगायला हवं, घरी गेल्यावर अचानक कळू नये. सूतिकाकालाच्या सगळ्या तपासण्या तिलाही तितक्याच लागतात.

झोप हा तसा साधा विषय, पण नैराश्याशी त्याचा थेट संबंध आहे. बाळ झोपलं की तू पण झोप हा सल्ला देणारे भरपूर भेटतात, मधल्या वेळातलं काम कोण करणार हे मात्र कुणी सांगत नाही. रात्री एक खेप दुसऱ्या कुणी घेऊन आईला सलग ४-५ तास मिळाले तर तो खरा आराम. वडिलांनाही नैराश्य येतं, साधारण दहापैकी एकाला.

६ आठवड्यांनंतर

केस गळायला लागतात ते दोन ते चार महिन्यांनी, मूठभर येतात, आणि वर्षभरात परत भरतात. थायरॉइडला सूज येणं साधारण वीसपैकी एकीला होतं, आधी काही महिने धडधड आणि वजन घटणं, मग उलट सुस्ती, थंडी, उदासी, त्यामुळे ते नैराश्य समजून सोडून दिलं जातं किंवा नैराश्य हे नुसता थकवा म्हणून. म्हणून उदास, थकलेल्या बाळंतिणीचं हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घेणं शहाणपणाचं.

शरीरसंबंध कधी सुरू करायचे याची तारीख ठरलेली नाही, रक्त थांबलेलं असावं, टाके भरलेले असावेत आणि तिला इच्छा असावी. पाजणाऱ्या आईला एस्ट्रोजेन कमी असल्यानं कोरडेपणा येतो, त्यात तिचं किंवा नवऱ्याचं काही चुकलेलं नसतं, वंगण देणारं जेल वापरलं की भागतं. पाळी यायच्या आधीच स्त्रीबीज सुटू शकतं, म्हणून पाजत नसेल तर २१ दिवसांपासूनच गर्भनिरोधक लागतं. फक्त स्तनपानावर भरवसा ठेवायचा तर तीन अटी एकदम पाळल्या जायला हव्यात, बाळ ६ महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही. यातली एक जरी मोडली तरी तो भरवसा संपला. पाजणाऱ्या आईला एस्ट्रोजेनच्या गोळ्या पहिले ६ आठवडे साधारणपणे देत नाहीत.

तपासणीचं वेळापत्रकही हळूहळू बदलतंय. जागतिक आरोग्य संघटना आता निदान चार भेटी सांगते, पहिल्या २४ तासांत, ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये ६ आठवड्यांची एकच भेट पुरेशी नाही असं म्हणून पहिल्या ३ आठवड्यांत संपर्क आणि १२ आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी असा सल्ला दिला. पुढच्या गरोदरपणासाठी मात्र किमान २४ महिने थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.