शिकार पोरांना शिकवायची कुणी? पुणे परिसराची पार्श्वभूमी

पोरांना लहानपणीच शिकारीची गोडी लावावी, म्हणजे परंपरा टिकेल, असं अमेरिकेत आजही उघडपणे म्हणता येतं. तिथे हंगाम ठरलेले असतात, परवाने मिळतात, मुलांसाठी वर्गही चालतात. पुण्यात कुणी असं म्हणालं, तर आधी विचारावं लागेल की परंपरा नक्की कुणाची? इथल्या माळांवर शिकारीचे दोन धडे गिरवले गेले, एक हौसेचा आणि एक पोटाचा.

हौसेचा धागा पेशवाईपर्यंत जातो. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथे जनावरं मारली जात नसत, पाळली जात. गंगाराम तांबटांनी १७९० मध्ये तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं आहे. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यात आले आणि विशीही न गाठलेल्या सवाई माधवरावांना शिकारीला नेऊ लागले. नाना फडणविसांच्या कडक नजरेखाली वाढलेल्या मुलाला आपलंसं करायचा याहून सोपा मार्ग नव्हता. पुढे इंग्रजी अमदानीत हा शौक बंदुकीच्या परवान्यावर आला आणि बऱ्या घरांत बापाकडून मुलाकडे जात राहिला.

पोटाच्या शिकारीला असा दरबारी इतिहास नाही. फासेपारध्यांचं पोर चालायला लागलं की बापामागे माळावर जायचं. तित्तराचा आवाज हुबेहूब काढायचा, पायवाट ओळखून फास मांडायचा, वारा कुठून येतो ते पाहून दबा धरायचा, हे सगळं बघत बघतच यायचं. गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकत. मावळ-मुळशीकडच्या कातकरी मुलांचं शिक्षणही असंच, फक्त तिथे माळाऐवजी ओढा आणि भातखाचर. खेकडे, मासे, उंदीर आणि हातात गलोल.

ही साखळी वन्यजीव कायद्याने तोडली असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पारध्यांच्या बाबतीत पहिला घाव त्याआधीच बसला होता. १८७१ मध्ये सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. नोंद झालेल्यांना हजेरी लावावी लागे, परवानगीशिवाय हिंडायची चोरी. १९११ च्या कायद्याने तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारला दिला. ज्या विद्येची शाळा म्हणजे बापाच्या मागे चालणं, तिचं यात काय होणार? १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त ठरल्या. संशय मात्र विमुक्त झाला नाही.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला काही प्राण्यांची शिकार परवान्यावर करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. कायद्यातली शिकारीची व्याख्याही रुंद आहे. मारणं तर झालंच, पण पकडणं, फास लावणं, हाकून आणणं, घरटी-अंडी मोडणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नही तीत येतो. म्हणजे पोराला दाखवण्यापुरता तित्तरासाठी फास मांडला तरी तो गुन्हाच. बंदी योग्यच होती. माळढोकाची आज काय अवस्था आहे ते पाहिलं की त्यावर वाद घालावासा वाटत नाही. पण तिचा भार सारखा पडला नाही. हौशी शिकाऱ्याने बंदूक कपाटात ठेवली आणि कॅमेरा घेतला. पारध्याचं दुकानच बंद झालं, आणि बदल्यात द्यायला शेत किंवा नोकरी कुणाच्या हातात नव्हती.

नेमबाजीला मात्र नवं घर मिळालं. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा पुण्यात झाल्या, आणि बालेवाडीच्या रेंजवर आज शाळकरी मुलं एअर रायफल घेऊन उभी असतात. श्वास रोखणं, घाई न करणं हे जुने गुण तिथे उपयोगी पडतात. माग काढणं तिथे शिकता येत नाही, आणि मला विचाराल तर शिकारीतली जपण्याजोगी गोष्ट तीच.

तिच्यासाठी जागा पुणे जिल्ह्यातच आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे. इंदापूरजवळच्या कडबनवाडीत आणि बारामतीकडच्या शिर्सुफळला वनविभागाने गवताळ माळांची सफारी सुरू केली, तिथे लांडगा, खोकड, चिंकारा दाखवायला गावातलेच तरुण वाटाडे असतात. असे वाटाडे निवडताना पहिली हाक जवळच्या पारधी वस्तीला जावी. ज्या म्हाताऱ्यांना अजून ठसे वाचता येतात, त्यांना त्या तरुणांचे गुरुजी म्हणून पगारावर घ्यायलाही वनखात्याला फार खर्च येणार नाही.